सोनटक्केकाकांचा पटरीवीर

दर रविवारी सकाळी मी एका रोबोला कोमट पाण्यात बसवते. भाजी धुवायचं पातेलं, हाताला सोसेल इतकं ऊन पाणी, खांदे बुडतील एवढं. कणीक भिजवून होईपर्यंत तो तसाच बसतो. मग त्याला पंचाने टिपते, डावा खांदा चिमटीत धरते आणि हळूच फिरवून बघते. फिरत नाही. परत टीव्हीशेजारी उभा करते आणि पोळ्यांना लागते. भांडी घासायला येणारी सरोज हे सगळं बघते, पण विचारत नाही. नवरा परगावी, बाई एकटी, दिवसभर बँकेतले आकडे. डोक्यावर परिणाम व्हायचाच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं असणार.

रोबोचं नाव पटरीवीर. वीतभर उंची, पांढरं अंग, निळी छाती. उभा असतो तेव्हा माणूस. हात आत घेतले, पाय उलटे दुमडले, मान छातीत सारली की झालं रेल्वेचं इंजिन, खाली चाकं वगैरे सगळं. कुठल्याशा जपानी कार्टूनमधला हा गडी. हिंदीत आला तेव्हा त्याचं बारसं पटरीवीर असं झालं. माझ्याकडे हा एकच आहे. सोनटक्केकाकांकडे कपाटभर होते, आणि सगळे हेच. छोटा, मोठा, लोखंडी, प्लॅस्टिकचा, कसल्यातरी वाढदिवसाला काढलेला सोनेरी, निळ्याच्या जागी जांभळी छाती आलेला. मला बाई सगळे सारखेच दिसायचे. तसं एकदा म्हणाले, तर काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

काका म्हणजे माझे घरमालक. मी मूळची अकोल्याची, बदली होऊन लखनौला आले, नवरा नागपूरला त्याच्या नोकरीत. विकास नगरात काकांचं घर होतं. खाली ते, वर मी, गच्ची दोघांची. काका मूळचे लातूरकडचे, पण उभी नोकरी मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात गेली. काम काय, तर धावत्या डब्यात यंत्रं मांडून बसायचं आणि डबा किती हलतो, का हलतो ते शोधायचं. दोष डब्यात की रुळात, हा निकाल काकांनी द्यायचा. निर्मलाकाकू मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर काकूंचा फोटो, आणि समोरच्या भिंतीला काचेचं कपाट. काकू त्या कपाटाला 'माझ्या सवती' म्हणायच्या, हे काकांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना.

आमची ओळख गच्चीवर झाली, आणि भांडणानेच झाली. मे महिना होता. लखनौचं मे महिन्याचं ऊन वाया घालवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी गव्हाचा चीक शिजवून खाटेवर चादर पसरून कुरडया घातल्या. बघते तर माझ्या चादरीपलीकडे काचेचं झाकण असलेलं एक भांडं, आत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात एक पांढरा बाहुला उताणा पडून आभाळाकडे बघतोय. एवढ्यात काका छत्री घेऊन वर आले आणि ओळखपाळख न विचारता म्हणाले, तुमची खाट अलीकडे घ्या, त्याच्यावर सावली पडतेय. पांढरं प्लॅस्टिक वयाने पिवळं पडतं, औषधाच्या दुकानातल्या पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की परत पांढरं होतं, हे मला मग समजलं. म्हटलं, काका, हे माणसांना चालतं का? ते म्हणाले, माणसाचं पिवळेपण आतून येतं, उपयोग नाही. चेष्टा कळली की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काही पत्ता लागायचा नाही.

त्या दिवसापासून माझ्या वाळवणाची राखण काकांकडे गेली. छत्री, काठी, वर्तमानपत्र. तरी एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि वानरांनी डाव साधला. माझ्या कुरडया फस्त झाल्या. शेजारचा बाहुला जिथल्या तिथे. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. काकांनी मात्र ही हकीकत मराठी मंडळात अभिमानाने सांगितली. वानरांनीसुद्धा हात लावला नाही, म्हणाले.

कारण हात लावायचा नाही हा त्या घरातला कायदाच होता. मंडळाच्या गणपतीत आरास करायला त्यांनी एका वर्षी पटरीवीर दिले, तर रोज संध्याकाळी आरतीला खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. लोक आधी गणपतीला नमस्कार करायचे आणि मग काकांकडे बघून हात मागे बांधायचे. मंडळातल्या बायका म्हणायच्या, देव परवडला, पण हा पुजारी नको.

रविवारची सकाळ मात्र बघण्यासारखी असायची. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, जेवायच्या टेबलावर जुनी सुती साडी अंथरलेली. काकूंची. एकेक पटरीवीर कपाटातून काढायचा, माणसाचं इंजिन करायचं, इंजिनाचा माणूस करायचा आणि परत ठेवायचा. 'पाय मोकळे करून आणतो त्यांचे' म्हणायचे. नाहीतर सांधे धरतात. मी वरून चहा घेऊन यायची आणि हात मांडीवर ठेवून बघत बसायची. काकांची बोटं जाड, नखं बारीक कापलेली, पण काय हलकी चालायची! कुठे काही अडलं की ते थांबायचे आणि एक पाऊल मागे जायचे. "जोर लावायचा नाही. अडलं तर मागे जायचं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की बँकेत कॉम्प्युटर अडला की तेच माझ्या तोंडून निघायला लागलं. दुसरं वाक्य, "मान शेवटी." सगळे अवयव जागेवर आल्याशिवाय मान बाहेर काढायची नाही.

काकांची आणखी एक खोड. मी सकाळी स्कूटी काढली की ते फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि उजवा तळवा वर धरायचे. हलवायचे नाहीत. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात तसाच स्थिर. सुरुवातीला मला वाटलं, मला थांबवताहेत, म्हणून मी दोनदा मागे आले. मग एकदा विचारलंच, की काका, टाटा करताना माणूस हात हलवतो, तुमचा असा कसा? ते म्हणाले, हाताचा सिग्नल स्थिर असला तरच खरा. हलणाऱ्या हाताचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा. पुढे मलाही सवय झाली. अनोळखी शहरात रोज आपल्यामागे कोणीतरी हात वर धरून उभं आहे, ह्याचं मला किती वाटायचं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पटरीवीर त्यांना भेटला जपानमध्ये. तरुणपणी प्रशिक्षणाला पाठवलं होतं. भाषा येत नाही, जेवण गिळवत नाही, घरी फोन लावणं सोपं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर यायचं आणि टीव्ही लावायचा. त्यात हे कार्टून. काकांना एक शब्द कळायचा नाही, पण गोष्ट कळायची. बाकीचे रोबो मोटारी व्हायचे, विमानं व्हायचे, कुठेही जायचे. हा एकटा आगगाडी, रूळ असतील तिथेच जाणार. म्हणून लढाई आली की सगळे ह्याच्या पाठीवर बसायचे, हा त्यांना पोचवायचा. ते उड्या मारून लढायला जायचे आणि हा शेवटच्या स्टेशनात उभा राहायचा. ते परत येईपर्यंत. कधी यायचे, कधी दुसऱ्या वाटेने घरी जायचे.

"त्याला कोणी सांगायचंसुद्धा नाही, की आम्ही पोचलो," काका म्हणाले होते. येताना त्यांनी तोच विकत आणला, निर्मलाकाकूंसाठी म्हणून. काकूंनी जपानहून साडी-छत्रीची वाट बघितली होती. तरी त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवला. तो सगळ्यात जुना. आज माझ्या पातेल्यात बसतो तो.

त्याचा गुडघा सैल झाला तेव्हा काकूंनीच उपाय काढला. नेलपॉलिश, बिनरंगाचं. सांध्याच्या गोळीवर एक पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचा, सांधा परत घट्ट. काकू गेल्यावर काका स्वतः बाजारात जायला लागले. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात सत्तरीचे गृहस्थ नेलपॉलिश मागतात म्हटल्यावर चर्चा होणारच. दुकानदार विचारायचा, अंकलजी, आंटी को कौन सा शेड पसंद है? काका गंभीरपणे सांगायचे, बिना रंग का. मंडळात कुजबुज झाली, की सोनटक्क्यांकडे कोणीतरी येते. वरची भाडेकरीण म्हणून माझ्याकडेही दोन-चार नजरा वळल्या. मी नखं दाखवून टाकली. कापलेली, कणकेची.

गोमती नगरच्या एका मॉलमध्ये अशी खेळणी जमवणाऱ्यांचा मेळावा असतो, हे मीच त्यांना सांगितलं आणि ई-रिक्षात घालून घेऊन गेले. वाटलं, काकांना चार आपली माणसं भेटतील. पोरं छान होती, अदबीने वागणारी. त्यांनी टेबलावर पटरीवीर मांडले होते, पण सगळे खोक्यात, सील न तोडलेले. काकांनी झोळीतून आपला जुना काढला तेव्हा सगळी भोवती जमली, आणि एकाच्या तोंडून निघालं, "अंकल, आपने खोल दिया?"

"बेटा, गाड़ी है," काका म्हणाले. "चलानी पड़ती है।"

पोरं हसली. वाईट हेतूने नाही, पण हसली. परत येताना काका रिक्षात झोळी मांडीवर घट्ट धरून बसले. मग म्हणाले, त्यांच्यातल्या एकानेही त्याला माणसाचं इंजिन होताना हातात अनुभवलेलं नाही हो. मग जमवतात काय? हिवाळ्याची संध्याकाळ होती, मी शाल त्यांच्या गुडघ्यांवर टाकली आणि रस्ता बघत बसले.

त्या हिवाळ्यातच काकांची तक्रार सुरू झाली. पटरीवीर सैल पडायला लागले. उभा केला की डुलतो, बोट काढलं की कोसळतो. आधी त्यांनी दोष प्लॅस्टिकला दिला, मग लखनौच्या हवेला. मग घराजवळून जाणाऱ्या ट्रकवर संशय गेला. फळी हादरते का बघायला त्यांनी कपाटात पाण्याची वाटी ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. वाटीतलं पाणी ढिम्म हललं नाही. काका वाटीवरच नाराज झाले. बाजारातल्या फेऱ्या वाढल्या, घरात नेलपॉलिशचा वास कायमचा भरून राहिला. एक थर, वर दुसरा, वर तिसरा. तरी डुलणं जाईना. रविवारी एकेक बदलायला वेळ लागायला लागला, आणि मधेच चिडून ते कपाट बंद करायचे. काकांना चिडलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्याच सुमारास त्यांनी कपबशी बंद केली आणि चहा स्टीलच्या पेल्यात घ्यायला लागले, तोही अर्धाच. कपबशा फुटतात, म्हणाले. मला ते पटलंही.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी जिन्यातून हाक मारली. "मॅनेजरबाई, जरा खाली या." मी साधी अधिकारी, पण त्यांच्यासाठी कायम मॅनेजरबाई. टेबलावर साडी, दिवा, भिंग. काकांच्या हातात तो जपानहून आणलेला. थरथरत होता. काका म्हणाले, बघा, आता तर हातातसुद्धा हलायला लागला, खांद्यात काहीतरी आहे. भिंग धरायला हात मोकळा हवा होता. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तो माझ्यापुढे केला.

"धरा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी धरला. काका भिंग घेऊन वाकले. खांदा बघितला, मग गुडघा, परत खांदा. भिंगच इतकं हलत होतं, की त्यांनी ते टेबलावर टेकवून बघितलं. मग सरळ झाले. माझ्या हातातून तो काढून आपल्या हातात घेतला. थरथरला. परत माझ्या हातात दिला. स्थिर. पुन्हा आपल्या हातात, पुन्हा माझ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही त्यांची नोकरीतली रीत होती. ते ती पाळत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे गाडीत दोष नाही," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, थंडीचं होतं असं कधीकधी. ते माझ्याकडे बघून हसले. "आयुष्यभर हेच केलं हो. डबा हलतोय, की रूळ हलवतोय." मग भिंग पुसून डबीत ठेवायला गेले. डबीचं झाकण त्यांना लागेना. मी लावून दिलं.

मी वर आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हात म्हातारे होतात, त्यात नवल काय? पण त्या माणसाला सोबत म्हणून जे काही होतं, ते सगळं त्या दहा बोटांतून यायचं.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळीनंतर दुपारी थोडा वेळ हात शांत असायचा. काकांनी त्या वेळात एक काम हाती घेतलं. सगळ्या पटरीवीरांना इंजिन करून ठेवायचं, कायमचं. मी विचारलं, माणूस का नको? काका म्हणाले, माणूस उभा करायला रोज कोणीतरी लागतं. इंजिन आपल्या चाकांवर राहतं. मी मदत करू का, ह्याला नाही म्हणाले. रोज एखाद-दुसरा व्हायचा. नेलपॉलिशच्या थरांनी सांधे इतके आवळले होते, की त्यांच्या शांत हातालाही ते जड जायचं. आपणच लिंपून ठेवलं, म्हणायचे, आणि एक पाऊल मागे जाऊन परत सुरू करायचे. हळूहळू कपाटात नुसत्या आगगाड्या दिसायला लागल्या. फक्त जुना उरला. त्याच्यावर सगळ्यात जास्त थर चढले होते. डावा खांदा जागचा हलेना. जोर लावला असता तर तुटला असता. काकांनी लावला नाही.

पावसाळ्यात दुधाचं पातेलं हातातून सुटलं आणि पाय भाजला. नाशिकहून भाची अनघा आली. समजूतदार मुलगी. तिने पंधरवडा राहून त्यांचं केलं, आणि मग मामाला घेऊन जायचं ठरवलं. काका कुरकुरले नाहीत. तिच्याकडे एक खोली होती, खिडकी पूर्वेला होती, एवढं त्यांनी विचारून घेतलं. आगगाड्या पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या, काकूंच्या साड्यांत गुंडाळून. एकेक गुंडाळताना काका खुर्चीत बसून नुसतं सांगत होते, आणि हात लावायला त्या दिवशी सगळ्यांना परवानगी होती. मला ते मुळीच आवडलं नाही.

चारबाग स्टेशनवर पोचवायला मी गेले. हमालाने ट्रंक आत ठेवली, अनघा जागा बघायला चढली. काका फलाटावर माझ्याजवळ उभे राहिले. नोकरीत किती गाड्यांमध्ये चढले असतील, पण त्या दिवशी पायरीकडे बघत होते. मग झोळीतून त्यांनी जुना काढला. माणूसच होता अजून. त्यांच्या हातात तो नुसता लटलटत होता. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, आणि तो लगेच थांबला.

"हा तुमच्याकडे राहू दे," म्हणाले. "तुमच्या हातात बरा राहतो."

मी म्हटलं, काका, मला ह्यातलं काही येत नाही. ते म्हणाले, बघितलंय तुम्ही. रविवारी कोमट पाण्यात धरा, पॉलिश कधीतरी सुटेल. "जोर लावायचा नाही."

"अडलं तर मागे जायचं," मी म्हटलं.

"मान शेवटी," काका म्हणाले, आणि दांडा धरून वर चढले.

गाडी सुटली. काका दारातच उभे राहिले, मागून अनघा त्यांचा शर्ट धरून 'मामा, आत या' म्हणत होती. त्यांनी उजवा तळवा वर केला, रोज सकाळी फाटकाशी करायचे तसा. तो हात स्थिर धरण्यासाठी त्यांनी काय जीव एकवटला होता, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. पण हात ऐकत नव्हता. गाडीला वेग आला तसा तो जास्तच हलायला लागला. माझ्या शेजारी एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या हसून मला म्हणाल्या, "अंकल कितने प्यार से हाथ हिला रहे हैं।"

पटरीवीर डाव्या हातात घेतला, उजवा तळवा वर केला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मुळीच हलू दिला नाही.